माडीवरचं शहाबादी टेबल

माणसानं जिच्यावर बसावं, जेवावं, लिहावं अशी या जगात एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे दगड, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका त्याच्याच माडीखाली मी तीन वर्षं भाड्यानं राहिलो. एकोणीसशे पंच्याहत्तरच्या आगेमागे मी सोलापूरच्या पोस्टात कारकून होतो. आमचे घरमालक बांधकाम खात्यातनं ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेले. सात रस्त्यापासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं जुनं दुमजली घर होतं. वर ते, म्हणजे आमचे काका, आणि काकू, खाली मी आणि माझी बायको, आणि दोन्ही मजल्यांच्या मध्ये सागवानी तुळया, फळ्या आणि त्यांच्यावर भरलेली माती. या मधल्या भागाबद्दल मी सुरुवातीला कधी विचार केला नव्हता. पुढं दुसरा विचारच सुचेना.

काकांच्या बैठकीत लाकूड शोधावं लागे. रेडिओ काळ्या दगडाच्या ठोकळ्यावर, टेबललॅम्पचा पाय दगडाचा, साबणाची डबी दगडाची, आणि पेनं उभी करायला दगडातच पाडलेली चार भोकं. सोफ्याच्या जागी शहाबादी फरशीचा कट्टा आणि त्यावर घडी घातलेली चादर. मे महिन्यात बाहेरून भाजून आलेला पाहुणा त्या कट्ट्यावर टेकला की त्याला उठवत नसे. जानेवारीत टेकला की चहाची वाट न बघता उठे. घड्याळालासुद्धा त्यांनी दगडी चौकट केली होती. एका रविवारी सकाळी खिळ्यानं हार मानली आणि ते घड्याळ खाली आलं. मी बरोबर त्याखालच्या आमच्या खोलीत दाढी करत होतो. दचकून वस्तरा लागला, ती गालावरची खूण अजून आहे. धावत वर गेलो तर काका चौकट हातात घेऊन प्रसन्न उभे होते. तिचा टवकाही उडाला नव्हता. घड्याळ कायमचं बंद पडलं होतं, पण ते काकूंनी मला हळूच सांगितलं.

दगड दिसला की मधलं बोट वाकवून त्यावर वाजवायचं आणि कान लावायचा, ही त्यांची सवय. देवळात, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, कुठंही. एकदा नवी पेठेत काकूंना बांगड्या घ्यायच्या होत्या म्हणून आम्ही चौघं सराफाकडं गेलो. काकू बांगड्या बघताहेत आणि काका उंबऱ्यापाशी ओणवे. दुकानदाराला वाटलं, यांचं काहीतरी पडलं. तोही वाकला, मग दोन गिऱ्हाइकं वाकली, मग नोकरानं दिवा आणला. पाच मिनिटांनी काका उठून म्हणाले, "आतनं पोकळ नाही. चांगला आहे." काकूंनी बांगड्या न घेताच पिशवी उचलली.

त्या काळात घरोघरी सनमायका येत होता. शेजाऱ्यांनी सनमायका लावलेला नवा सोफासेट घेतला आणि मोठ्या हौसेनं काकांना बोलावलं, तेव्हा काका तिथं उभ्यानंच चहा प्याले. त्यांचं मन दुसरीकडंच गुंतलं होतं. रद्दीच्या दुकानात त्यांना एक परदेशी मासिक सापडलं होतं आणि त्यात एका दिवाणखान्याचं रंगीत चित्र होतं. काचेच्या भिंती, आणि मधोमध एकाच अखंड दगडाचं लांबलचक टेबल. बाकी खोलीत काही नाही. ते चित्र त्यांनी मला निदान वीस वेळा दाखवलं असेल. "बघा की," म्हणायचे, "तिकडची माणसं आता शहाणी व्हायला लागली."

तसलं टेबल त्यांना हवं होतं. काकूंचे गुडघे धरले होते, पाटावर बसून जेवणं त्यांना जमेना, हे कारण होतं आणि ते खरंही होतं. त्यांनी आठ फुटांची, चार बोटं जाड शहाबादी फरशी मागवली. घडाईला वळसंगचा एक म्हातारा पाथरवट आला. अंगणात पंधरा दिवस त्याची छिन्नी चालली. टेबल सुरेख झालं हे मान्य करायलाच हवं. पावसाळी ढगासारखा निळसर काळा रंग, आणि कडेवरून हात फिरवावा तर लोण्यासारखी. मग काकांनी ते माडीवर न्यायचं ठरवलं. म्हातारा बराच वेळ वर बघत राहिला आणि म्हणाला, "सायेब, दगूड भुईवर बसला की बसला. वर नेला की त्यो खाली बगाया लागतोय."

काकांनी त्याला वहीतला हिशोब दाखवला. तुळईची जाडी, लांबी, तिच्यावरचा भार, सगळं मांडलेलं. नोकरीत असल्या शेकडो तुळया त्यांनी पास केल्या होत्या. सज्जाचा कठडा काढून, दोरखंड लावून दहा माणसांनी टेबल वर चढवलं. त्या दिवशी मी रजा घेतली होती. बायकोला सातवा महिना होता आणि तिची आई आजारी असल्यामुळं बाळंतपण सोलापुरातच व्हायचं होतं. ती रस्त्याच्या पलीकडं उभी राहून बघत होती. टेबल ठेवलं ते बरोबर आमच्या झोपायच्या खोलीच्या वर, कारण माडीवर उजेड तिथंच चांगला येई.

दुसऱ्या सकाळी बायको पांघरूण झटकताना शांतपणे म्हणाली, "वरनं माती पडतेय." मी म्हणालो, नवीन वजन आहे, बसेल जागेवर. चौथ्या दिवशी तुळईच्या टोकाखाली भिंतीत केसाएवढी चीर दिसली. सांगायला मी तीनदा वर गेलो. तिन्ही वेळा काकांनी मला त्या टेबलाशी बसवून पोहे खायला घातले आणि मी पोहे खाऊन खाली आलो.

शेवटी त्यांनाच कळलं. वर्तमानपत्र न्यायला आले होते, सवयीनं भिंतीवर बोट वाजवलं आणि तसेच थांबले. पुन्हा वाजवलं. मग वर गेले आणि काचेची एक पातळ पट्टी आणि वाटीत कालवलेलं सिमेंट घेऊन आले. पट्टी त्यांनी चिरेवर आडवी बसवली आणि बायकोला सांगितलं, ही काच शाबूत आहे तोवर भिंत हलत नाही असं समजायचं; फुटली तर मला हाक मारायची.

तेव्हापासून आमच्या घरात माणसं दोन आणि मालक ती काच. उठल्यावर तोंड धुवायच्या आधी तिच्याकडं बघायचं. पोस्टात तिकिटं फाडतानाही मला ती दिसे. बायकोनं अंथरूण स्वयंपाकघरात हलवलं. काका दिवसातून आठ-दहा वेळा खाली येत; कधी चाळणी मागायला, कधी किती वाजले विचारायला, आणि चाळणी न घेताच परत जात. वरची चालण्याची चाहूलही बंद झाली होती. काकूंनी एकदा बायकोला सांगितलं की काच लावल्यापासून त्या टेबलावर यांनी तांब्यासुद्धा ठेवू दिलेला नाही. गुडघे दुखत असताना त्या पुन्हा पाटावर जेवत होत्या. मग मात्र मी वर जाऊन विचारलं, काका, खाली का घेत नाही? त्यांनी वही पुढं केली. तीनदा हिशोब केला होता, तिन्ही वेळा उत्तर एकच. "हिशोबात तुळई बसते हो," ते म्हणाले. आवाज मात्र ओव्हरसिअरचा नव्हता.

काच दुपारी फुटली. मी पोस्टात होतो. बायको सांगते, बारीक टिचकी मारल्यासारखा आवाज झाला. तिनं हाक मारली आणि काका अनवाणी खाली आले. घरात बाईमाणूस एकटं असलं तर उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलणारा हा माणूस सरळ आत शिरला, तिचा हात धरून रस्ता ओलांडला आणि तिला शेजाऱ्यांच्या त्या सोफ्यावर बसवलं. शेजारी मला सांगायला सायकलवरून पोस्टात आले. मी पोचलो तेव्हा काका आमच्या खोलीत, तुळईखाली, बांबू आणि बल्ल्यांचे टेकू देत उभे होते. मजुरांना त्यांनी दाराबाहेर ठेवलं होतं. मी आत जाऊ लागलो तर म्हणाले, "तिथंच थांबा. हिशोब मी मांडलाय, इथं मीच उभा राहणार."

वळसंगहून म्हाताऱ्याला आणेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. त्या रात्री आम्ही शेजाऱ्यांकडं राहिलो. म्हाताऱ्यानं वर जाऊन पाहिलं आणि सांगितलं की टेबल अख्खं हलवलं तर भार तुळईच्या मध्यावर येईल. जाग्यावरच तुकडे करून उतरवावं लागेल, तेही हळूहळू. त्यानं काकांकडं बघितलं. घडवलं त्यानंच होतं.

"तोडू का, सायेब?"

"तोड," काका म्हणाले.

ते वर गेले नाहीत. दिवसभर वरनं छिन्नीचे बारीक ठोके येत राहिले आणि काका खाली भिंतीवर तळवा टेकून उभे राहिले. दर ठोक्याला मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. भिंत काय म्हणते ते मला तिथंच वाचता येत होतं. काकूंनी दोनदा चहा पाठवला, दोन्ही वेळा निवला. संध्याकाळपर्यंत चार तुकडे अंगणात उतरले.

पुढं तुळई बदलताना कळलं, भिंतीत गेलेलं तिचं टोक वाळवीनं आतून खाऊन टाकलं होतं. काकांचा हिशोब बरोबरच होता. मला वाटलं, आता लाकडाच्या नावानं ते महिनाभर व्याख्यान देणार. ते त्या भुशाकडं बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "आत काय असेल ते मी धरायला हवं होतं."

दीड महिन्यानं आम्हाला मुलगी झाली. काका तिला बघायला रोज येत, पण बोलणं कमी झालं होतं. नवा दगड घरात आला नाही. काकूंसाठी एक साधी लोखंडी खुर्ची आली आणि त्यांनी ती बिनतक्रार वापरली. न राहवून मी एकदा म्हणालो, काका, अंगणात करा की टेबल, जमिनीवर. काकूंनाही बरं पडेल. ते मुलीकडं बघत म्हणाले, "ही चालायला लागली की बघू." आणि ती रांगत असतानाच माझी बदली नांदेडला झाली.

तिनं पहिली पावलं टाकली त्या दिवशी मी काकांना पत्र लिहिलं. उत्तर काकूंचं आलं. मुलीला आशीर्वाद, आम्हाला खुशाली आणि शेवटी दोन ओळी: यांनी तुमचं पत्र दोनदा वाचलं, मग मोजायची टेप घेऊन अंगणात गेले. ऊन झालं तरी आत यायला तयार नाहीत.