मामाजींचा विजेवरचा ब्रश

यंत्रावर माझ्या बायकोच्या मामांइतका विश्वास टाकणारा माणूस रायपुरात दुसरा झाला नाही. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. मामाजी दातांच्या यंत्रांकडे वळले. "अजी जावईबापू, तिकडे नवा रायपुर बनून राहिला, अन् तुमी तोंड काहून जुनंच ठेवता?" असं म्हणून त्यांनी मला पाण्याच्या फवाऱ्यानं दात धुणारं यंत्र वापरायला लावलं. मी ते तोंडात घालण्याआधीच बटण दाबलं. दात कोरडे राहिले; आरशापासून मामींच्या पापडांपर्यंत बाकी सगळं धुऊन निघालं. "हे आपिसातले हात!" मामाजी एवढंच म्हणाले.

पण त्यांचा खरा जीव विजेवरच्या ब्रशवर. तो मोबाइलला जोडलेला. जो दात घासून होई तो पडद्यावर हिरवा होई. अख्खी बत्तिशी हिरवी झाली की मामाजी मोबाइल घेऊन पाराभर, म्हणजे सगळ्या मोहल्ल्यात, दाखवत फिरत. फक्त ब्रशवर ते पेस्ट लावत नसत, गुडाखू लावत. तंबाखू-गुळाचं हे काळं मलम इकडे घरोघरी सकाळी दातांवर घासतात. मामी करवादत, "मशीन नवी, अन् घाण तेच!" मामाजी मोबाइल पुढे करत. "हे पाय, सब हिरवं."

मग मामाजींच्या गालाच्या आत एक जखम झाली, ती काही भरेना. दातांच्या डॉक्टरांनी पेनाएवढा कॅमेरा तोंडात फिरवला आणि समोरच्या टीव्हीवर दिसलं: दात चकचकीत, शेजारी पांढरा चट्टा.

"पण साहेब, मोबाइल तर..."

डॉक्टर हळूच म्हणाले, "दादा, वो सिर्फ दाँत देखता है."

चट्ट्याचा तुकडा तपासायला गेला. कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण जबडा आखडला. आता चमच्यानं पेज घ्यायची आणि रोज थोडं थोडं तोंड उघडायचा सराव करायचा. नाहीतर आहे तेवढंही मिटेल.

परवा गेलो तेव्हा मामाजी काहीतरी बोलले. मला कळलं नाही, मी आपलं "हव मामाजी" म्हटलं. "जेवले का, विचारून राहिले," मामी म्हणाल्या आणि त्यांच्यासमोर पाटावर बसल्या. मामी जन्मभर पदराआड हसलेल्या. त्यांनी पदर बाजूला केला आणि भला मोठा आ वासला. "आ करा. असा, माह्यावानी."

मामींचे दात मी पहिल्यांदाच पाहिले. वरचा समोरचा एक नव्हता. मामाजी त्या रिकाम्या जागेकडे बघतच राहिले, आणि बघता बघता त्यांचे ओठ जरासे विलग झाले.