सीरियलमधलं गाव आणि शेजारच्या आजी

लंडनजवळ हाउन्सलोला आमच्या भिंतीला भिंत लागून एक जर्मन आजी राहायच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर एका इंग्रज सोल्जरशी लग्न करून इकडे आलेल्या, आता एकट्या. मी एअरपोर्टच्या किचनमध्ये विमानातले ट्रे भरायचे. रविवारी सुट्टी असायची. अशाच एका रविवारी दुपारी त्या दारात उभ्या राहिल्या.

"माझा टीव्ही बंद पडलाय. तुमच्याकडे बसू का? आमच्याकडची सीरियल आहे."

आमच्याकडची म्हणजे जर्मन सरहद्दीलगतच्या एका चेक खेड्यातली. युद्ध संपल्यावर तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या जर्मनांना हाकलून दिलं आणि त्यांच्या रिकाम्या घरांत दुसरीकडून आणलेली चेक माणसं राहायला आली, त्यांची गोष्ट. आजी अशाच एका खेड्यातल्या होत्या. ऐन विशीत, हातात मावेल तेवढं सामान घेऊन आईबरोबर निघालेल्या. मला हे काहीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं आम्ही कुंपणावरून फक्त थंडीबद्दल बोलत आलो होतो.

मी सबटायटल्स वाचायचे. आजींना चेक समजायचं. पहिल्याच भागात एक कुटुंब दार उघडून आत येतं. टेबलावर उष्ट्या ताटल्या तशाच. बाई कपाटातून कुणाचा तरी एप्रन काढते, झटकते आणि कमरेला बांधते.

"हो, असंच झालं असणार," आजी म्हणाल्या. पोह्यांची बशी त्यांनी खाली ठेवली ती ठेवलीच.

त्या दर रविवारी यायला लागल्या. सीरियलमध्ये त्या नव्या माणसांचंही काही धड होईना. माती परकी, हिवाळा लांबलचक. एकेक कुटुंब गाव सोडून गेलं. शेवटच्या भागात सैन्य आलं आणि सरहद्दीजवळ वस्ती नको म्हणून उरलेली घरं पाडून टाकली.

मी टीव्ही बंद केला.

"मी जन्मभर त्या लोकांचा राग केला," आजी म्हणाल्या. "पण वाटायचं, निदान आमच्या चुलीपाशी कुणीतरी उबेत बसलं असेल."

"अहो, ही सीरियल आहे. तुमचं गाव असेल अजून."

तिकडची कम्युनिस्ट राजवट पडून सरहद्द तेव्हा नुकतीच खुली झाली होती. त्या उन्हाळ्यात आजी लांबच्या बसने एकट्याच गेल्या. परत आल्या तेव्हा माझ्या नवऱ्याने त्यांची बॅग आत नेऊन ठेवली.

"सापडलं का गाव?" मी विचारलं.

"गावातलं तळं तेवढं होतं. बाकी नुसती झाडं. आमचं घर कुठे होतं, तेही ओळखता आलं नाही."

"निदान जाऊन तरी आलात," नवरा म्हणाला.

"गेलेच नसते तर बरं झालं असतं. इथे बसले होते तोवर ते घर होतं तरी."

त्यानंतर त्या आमच्याकडे आल्या नाहीत. मी काही करून नेलं तर दारातच डबा घ्यायच्या. पुढच्या हिवाळ्यात घरात पडल्या आणि कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, त्यांना केअर होममध्ये हलवलं. तिथे हळूहळू त्यांचं इंग्रजी गेलं. फक्त जर्मन बोलायच्या, तेही माझ्याकडे न बघता. नर्सना कळायचं नाही, मलाही नाही. मी थोडा वेळ बसायचे, हात धरू दिला तर धरायचे आणि बस पकडून घरी यायचे.