नसीम मॅडमचा चषक आणि विझवलेली शेगडी

गृहविज्ञान शिकलेल्या बायांनो, आणि आमच्या वर्गातल्या त्या मोजक्या पोरांनो, "म्हणजे स्वयंपाकच ना?" हे वाक्य आपण सगळ्यांनी गिळलंय.

लग्नाच्या बैठकीत गिळलं. नोकरीच्या इंटरव्ह्यूत गिळलं.

एका बाईनं ते कधीच गिळलं नाही. नसीम मॅडम. अकोल्याच्या आमच्या कॉलेजात गृहविज्ञान शिकवायच्या.

त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

आज त्यांच्याबद्दल गोड लिहायला हवं. पण मॅडमनी आम्हाला गोड बोलणं शिकवलंच नाही. संशय शिकवला.

हळद पाण्यात टाकून बघायची. डाळ ओल्या बोटांनी चोळायची. पाकिटावरची बारीक अक्षरं आधी वाचायची, मोठी नंतर.

"जे लई चमकते ना बेटा, त्याले आधी धुऊन पाह्य."

इंटरव्ह्यूच्या सरावात त्यांनी मला विचारलं होतं, "वंदे, हॉस्टेलची मेस तुह्या हातात देली. पयल्या दिवशी काय करशीन?"

मी म्हटलं, "भाजी चाखून पाहीन, मॅडम."

"झालं! चाखते म्हणे. पाहुणी हायेस का तू? पयले वजनकाटा पाह्य, मंग भाजी."

आज मी खरंच मेस चालवते. भाजीच्या आधी वजनकाटाच पाहते.

आता ती गोष्ट, जी तुमच्यापैकी अनेकींना अर्धीच माहीत आहे.

मी कॉलेजात असताना अमरावतीला गृहविज्ञान आणि करिअर कौशल्यांची स्पर्धा होती. शिवण, घरखर्चाचं नियोजन, मुलाखत आणि पाककृती. पाककृतीचा विषय पाटवडी. तेव्हा पदार्थ घरून करून आणायची पद्धत होती.

एका कॉलेजची प्लेट अशी, की बघत राहावं. सगळ्या वड्या एका मापाच्या. वर खोबरं, कडेला गाजराचं फूल.

परीक्षक फोटो काढत होते.

मॅडम उभ्या राहिल्या. "सर, पोरींले इथंच करू द्या."

"मॅडम, तेवढा वेळ नाही."

"भाषणाईले वेळ होता. पाटवडीलेच नाही?"

हॉल हसला. कँटीनमधून शेगडी आली.

"पयले माही पोरगी करीन."

म्हणजे मी. संशय माझ्यावरही होताच!

फोडणी दिली, पाणी उकळलं, बेसन सोडलं, घोटलं. सगळे बघत होते. गाठी झाल्या. ताटात थापलेली वडी सुरीला चिकटून आली.

मग त्या सुंदर प्लेटवाली पोरगी आली. कढईसमोर नुसती उभी राहिली. शेवटी हळूच मलाच विचारलं,

"ताई, बेसन आधी का पाणी आधी?"

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. मॅडम गर्रकन वळल्या.

"पोरीले काहून हसून राहिले? तिच्या हाती डबा कोनं देला, त्याले इचारा!"

तिच्याबरोबर आलेले सर छताकडे पाहायला लागले.

मॅडमनी त्या पोरीच्या हातात घोटायला लाटणं दिलं. "घोट बेटा. बिगडली तर बिगडली. आपली तं हाये."

बक्षीस भलत्याच कॉलेजला गेलं. पण पुढच्या वर्षापासून नियम झाला, पाककृती सगळ्यांसमोर करायची. आणि ती पोरगी परत आली, शेगडीसमोर उभी राहिली, दुसरा नंबर घेऊन गेली.

आता ती पातूरला मसाले करून विकते. आज सकाळी तिचाच फोन.

"ताई, ग्रुपवरचा स्पर्धेचा मेसेज पाहिला का?"

पाहिला.

यंदा समोर करायची फेरी रद्द. "वेळेअभावी." मुलींनी घरून व्हिडिओ पाठवायचा आणि तयार पदार्थ टेबलावर आणून ठेवायचा.

आणि त्याच मेसेजात, हात जोडलेल्या इमोजीसह: यंदापासून चषकाला नसीम मॅडमचं नाव.

एकाच मेसेजात. मला या दोन ओळींच्या शेजाराचाच वास येतोय.

व्हिडिओत हात दिसतात. हात कुणाचे, ते दिसत नाही.

जिनं शेगडी पेटवली, तिचं नाव चषकावर कोरायचं आणि शेगडी विझवायची. म्हणजे आपण पहिल्या रांगेत बसून डोळे पुसू, टाळ्या वाजवू आणि गप्प राहू. असाच हिशेब असणार ना?

बायांनो, हा चषक लई चमकतोय. आधी धुऊन पाहू.

हे एका पाटवडीपुरतं नाही. जे सगळ्यांसमोर करून दाखवलं, ते कौशल्य. कुणालाही नाकारता येत नाही. जे डब्यातून आलं, त्याला लोक "स्वयंपाकच ना?" म्हणणार, आणि त्या पोरीकडे उत्तर नसणार. तिला ते उत्तर मिळू नये, यात कुणाची सोय आहे?

मला नावं माहीत नाहीत. पण डबा कोण देतो, हे विचारायला मी एका बाईकडून शिकलेय.

मॅडम, बेसन चाळून ठेवलंय. तुम्ही असता तर तरीही मूठभर घेऊन वास घेतलाच असता. तुमच्या त्या संशयाला सलाम. त्यातच तुमची सगळी माया होती.

उद्या सकाळी अमरावतीला स्पर्धा आहे. निवेदन नको, घोषणा नको. जिला जमेल तिनं घरची शेगडी आणि कढई घेऊन हॉलवर यायचं, टेबलावर मांडायची आणि पोरींना म्हणायचं, "करा."

वेळ नाही म्हणतील. आपण थांबू.

कढई विसरू नका.