साहेब भरतीला येतात

बोईसरमध्ये आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. कारखान्यांचं पाणी खाडीत येतं, त्याचे नमुने तपासायचे आणि लोकांना खरं काय ते सांगायचं, हे आमचं काम. खरं ऐकायला फारसं कोणी थांबत नाही, त्यामुळे नमुन्यांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. चारचौघांत सांगताना हसू येतं. घरी गेल्यावर कान गरम होतात.

*

सत्त्याऐंशी साली दिल्लीहून एम.एस्सी. करून आले आणि पहिल्याच रविवारी नवापूरच्या किनाऱ्यावर भाषण ठोकलं. मच्छीमार मंडळी शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, जिंकलं! मग धर्मा तांडेलांनी विचारलं, "तुमी सरकारी काय?"

"नाही."

"मंग कंपनीचे?"

"छे! अजिबात नाही!"

"मंग पाठवला कोणी तुमाला?"

"कोणी नाही. आम्ही आपणहून आलो."

तांडेलांनी घराकडे तोंड करून बायकोला हाक दिली, "अगो, चाय नको टाकू! हे कोणाचेच नाय!"

*

आमचा सुहास शाळेत विज्ञान शिकवतो. तो म्हणाला, "लोकांना साहेब दिसला पाहिजे." पुढच्या खेपेला प्रयोगशाळेतला पांढरा कोट घालून आला. रांगच लागली! पहिल्या आजींनी गुडघा पुढे केला.

"आजी, मी पाणी तपासतो. माणसं नाही."

"तपासता ना? मंग तपासा!"

संध्याकाळपर्यंत सुहासने निम्म्या गावाला गरम तेल चोळायला सांगितलं होतं. त्याला कोणी पाठवलं, हे या वेळी कोणीच विचारलं नाही.

*

मग खरेखुरे साहेब आले, प्रदूषण मंडळाच्या जीपमधून. गावाने खुर्ची दिली, शहाळं दिलं. साहेबांनी खाडीत बाटली बुडवली. पाणी स्वच्छ! "ठीक आहे की," साहेब म्हणाले. गावाने माना डोलावल्या.

मी चिडले. भर भरतीला समुद्राचं पाणी आत आलेलं असताना नमुना घेतला तर दुसरं काय दिसणार? "ही वेळ त्यांना दिली कोणी?"

"आमीच," तांडेल म्हणाले. "ओहोटीला गुडघाभर चिखल असते. पाव्हण्याला चिखलात उतरवायचा? बरा दिसते काय?"

*

घरी, पालघरला, मी वडिलांपुढे संताप काढला. ते म्हणाले, "साहेब शिकलेले किती?"

"माझ्याएवढेच."

"मग त्यांना जीप मिळाली. तुला का नाही मिळाली?"

*

आमची सगळी भिस्त हिरूबाईवर होती. ती नवापूरचे मासे बोईसरच्या बाजारात विकते. त्या दिवसांत तिच्या माशांना रॉकेलसारखा वास यायचा. तिनेच मला चुलीपाशी बसवून, मासे तळून, तो वास दाखवला होता. साहेबांनी बोईसरला सभा ठेवली, तेव्हा मी तिला पढवलं, "घाबरायचं नाही. खरं ते सांगायचं."

हिरूबाई माशांची पाटी घेऊनच आली. तिला पुढे बाजार गाठायचा होता. समोर साहेब, मागे बाजारातली निम्मी गिऱ्हाइकं.

"बाई, तुमच्या माशांना वास येतो, असं या म्हणतात. खरं?" साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

हिरूबाईने मागे वळून गिऱ्हाइकांकडे पाहिलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती "हो" म्हणाली, तर उद्यापासून तिचा मासा घेणार कोण?

"माझ्या माशाला? कोण मेला बोलतो? ताजा फडफडीत हाय!"

टाळ्या! साहेब मला म्हणाले, "शिकलेल्या माणसांनी अफवा पसरवू नयेत."

हिरूबाईने दोन मोठी पापलेटं पानात बांधून साहेबांच्या हातात दिली. "घरी न्या, साहेब. बाईसायबांना द्या." साहेब खूश!

मला मान वर करवेना. निदान चार लोकांदेखत तिचा मासा घ्यावा, म्हणून बाहेर गाठून म्हणाले, "हिरूबाई, मलाही दे दोन."

तिने पाटीवर फडकं ओढलं.

"तुला नाय, बाय," ती हळूच म्हणाली. "तू नको खाऊ."