आठ वाजताचं वाचन आणि बर्फाची नदी

तलावात गाळ साचतो ना, तसे ऑफिसात किस्से साचतात. थोडे थोडे, कोणाच्या लक्षातही न येता. गाळ काढायला निदान एखादी योजना तरी येते, किस्से काढायला कोणी येत नाही. ते आम्हीच जेवणाच्या सुट्टीत डबे उघडून काढतो.

आमचं ऑफिस म्हणजे वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्याच्या बाजूचं पाटबंधाऱ्याचं एक लहानसं शाखा कार्यालय. तलावाचं नाव सांगत नाही. उगाच कागद निघेल, आणि तो कागद रजिस्टरात मलाच चढवावा लागेल, कारण तिथली क्लार्क मीच. तर सध्या आमचे सगळे किस्से फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात. गंगोत्रीचा ग्लेशियर पाहायला जायची आम्ही जी तयारी केली, तिच्यावर.

* * *

आधी भगतमामा सांगते. मामा आमच्या तलावाचे चौकीदार. रोज सकाळी आठ वाजता पाण्यात उभ्या असलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि मला फोन करायचा, हे त्यांचं मुख्य काम. आकडा मी रजिस्टरात लिहायची. ह्या कामाला रविवार नाही, दिवाळी नाही, चौदा एप्रिल नाही.

एकदा मामांना टायफाइड झाला. अठरा दिवस खाटेवर. पण फोन आठच्या ठोक्याला यायचाच! पट्टी वाचून कोण येतंय हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. पण विचारलं तर लिहावं लागतं, म्हणून कोणी विचारलं नाही.

एका सकाळी मामा तापात कण्हत म्हणाले, "लिवा मॅडम, पॉइंट तेहेतीस." मी लिहिलं. तेवढ्यात मागून त्यांच्या बायकोचा, शेवंतामावशीचा आवाज आला, "तेहेतीस नाई, चौतीस. म्या पाह्यलं ना."

आता शाईनं लिहिलेल्यावर खाडाखोड केली तर वरून विचारणार, खाडाखोड काहून? मी तेहेतीसच ठेवलं. एका सेंटीमीटरनं काय तलाव फुटतो का बापा!

* * *

मामा एप्रिलअखेर रिटायर होणार होते. निरोपाला काय द्यायचं यावर मीटिंग बसली. मामा म्हणाले, काहीच नको. आमचे शाखा अभियंते राठोड साहेब मोठे पद्धतशीर माणूस. त्यांनी मावशीला बोलावून घेतलं, खुर्ची दिली आणि म्हणाले, तुम्हीच सांगा. आम्हाला वाटलं मिक्सर म्हणेल, फार तर कूलर.

मावशी म्हणाली, "मले बरफाची नदी पाहाची हाय."

नातीच्या मोबाइलवर पाहिली होती तिनं. साहेबांनी विचारलं, तीच काहून?  मावशी म्हणाली, "तीस वर्सं झाले, मी उतरतं पानीच पाहून राह्यली. संक्रांतीले खाली, होळीले अजून खाली. एकडाव जिथून येते थे तं पाहू द्या. अन् दोघं मिळून. आमी दोघं मिळून कोठी गेलोच नाई."

खरंच होतं ते. मावशी माहेरी गेली तर मामा तलावावर, मामा कोणाच्या मयतीला गेले तर मावशी तलावावर. पोरीच्या लग्नात मामा मांडवात पाहुण्यांना धरून बसले होते आणि मावशी अर्धा तास गायब. पाहुण्यांनी काय काय अर्थ काढले! आकडा मात्र आठला आला होता. रोज फोन घेणारी मी, आणि मला हे दिसलंच नव्हतं. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

* * *

राठोड साहेबांनी प्रवासाचा प्लॅन केला तो अंदाजपत्रकाच्या नमुन्यात, कारण त्यांना दुसरा नमुना येतच नाही. कामाचं नाव: ग्लेशियर पाहणे. कामाची व्याप्ती: पती, पत्नी व सोबत. पायवाटेचं मोजमाप कालव्यासारखं, गंगोत्रीला शून्य आणि जिथं बर्फ सुरू होतो त्या गोमुखाला अठरा किलोमीटर. सगळं भराभर झालं, आणि "कामाची आवश्यकता" या रकान्यात साहेब अर्धा तास अडकले. पेन तोंडात, डोळे पंख्याकडे. शेवटी त्यांनी लिहिलं, "आजवर झालेले नाही."

मी तरी कुठं कमी? तिकडच्या जंगलातून जायला परवानगी लागते म्हणून मी अर्ज टाइप केला. विषय, संदर्भ, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, आणि खाली तीन जणांना प्रत माहितीस्तव. सगळं शुद्ध मराठीत! पंधरा दिवसांनी तिकडून एका बाबूचा फोन आला. म्हणाला, "मैडम, चिट्ठी में लिखा क्या है वो तो पता नहीं, पर ड्राफ्टिंग जबरदस्त है."

परवानगी मोबाइलवरून काढता येते, हेही त्यानंच सांगितलं.

* * *

कपड्यांचा प्रश्न वेगळाच होता. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आणि आमच्यापैकी कोणी फ्रीजच्या बाहेर बर्फ पाहिलेला नाही. शेलूबाजारच्या एका दुकानदारानं कुरकुरत माळ्यावरून स्वेटरचं गाठोडं उतरवलं. मामांनी भर दुकानात माकडटोपी घालून पाहिली तर रस्त्यावरचे लोक जमले. एकानं आमच्या नारायण ड्रायव्हरला बाजूला घेऊन विचारलं, "ह्यायले अकोल्याच्या डॉक्टरले दाखवलं का?"

नारायणचं म्हणणं पडलं की नुसते कपडे घेऊन भागत नाही, थंडीची प्रॅक्टिस पाहिजे. त्यानं दोघांना वाशीमला एका बर्फाच्या कारखान्यात नेलं. मालक त्याच्या ओळखीचा. स्वेटर घालून लाद्यांच्या खोलीत बसायचं ठरलं. मामा चार मिनिटांत बाहेर, दात वाजत! मावशी आतच. पंधरा मिनिटं झाली, तेव्हा मालक घाबरला. दार उघडून पाहतो तर मावशी लादीवर हात ठेवून आरामात उभी.

म्हणाली, "उलसंक अजून थांबू द्या ना. लय बरं वाटून राह्यलं."

* * *

चालायची प्रॅक्टिस तलावाच्या भिंतीवर. भिंत सहाशे मीटर, म्हणजे अठरा किलोमीटरला तीस फेऱ्या. साहेबांनी घरात चिकटवायला तक्ता करून दिला. पहिल्या दिवशी मामा घाम पुसत आले आणि म्हणाले, पंधरा झाल्या.

मावशीनं मूठ उघडली. आत अकरा चिंचोके! मामांच्या दर फेरीला ती एक उचलत होती. मामांनी ते चिंचोके दोनदा मोजले. तीस वर्षं मोजणी केलेला माणूस, दुसऱ्याच्या मोजणीवर विश्वास बसेना.

मावशीच्या स्वतःच्या फेऱ्या किती झाल्या ते कोणी विचारलंच नाही. शेवटी मी विचारलं. एकवीस झाल्या होत्या.

* * *

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात मामांनी माझ्याकडे वाचनाची जुनी रजिस्टरं मागितली. त्या कपाटात धूळ इतकी की मी दोन दिवस शिंकत होते. मामा कोपऱ्यात बसून नातीच्या शाळेच्या वहीत काहीतरी उतरवून घेत होते. एक रजिस्टर झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. मला राग आला. म्हटलं, मामा, आता तरी पाणी मोजणं सोडा ना.

मामा मान वर न करता म्हणाले, उलसंकच राह्यलं, मॅडम. मला वाटलं, तीस वर्षांची सवय, बिचाऱ्याला नोकरी सोडवत नाही. मी कपाटाची किल्ली त्यांच्याजवळच ठेवून दिली.

* * *

मग आलं फिटनेस सर्टिफिकेट. वाशीमच्या डॉक्टरांनी मावशीचं बीपी पाहिलं, एकदम चांगलं. मामांचं पाहिलं आणि पट्टा काढून पुन्हा बांधला. पुन्हा तेच. मामांनी हरकत घेतली, "डॉक्टरसाहेब, दुपारी घेतलेलं वाचन आमी धरत नाई. सकायी आठले घ्या."

डॉक्टर भला माणूस. दुसऱ्या दिवशी खरंच आठला दवाखाना उघडून बसला. आठला तर अजून जास्त निघालं! डॉक्टर म्हणाले, "मामा, तुमच्याच टायमाले घेतलं. आता तं धरता ना?" गोळ्या घेऊन गाडीनं गंगोत्रीपर्यंत जा म्हणाले, पण पुढची चढण अजिबात नाही.

आम्ही जीपनं परत निघालो. कारंजा चौक गेला, गाव मागं पडलं, तेव्हा मावशी म्हणाली की मग मी बी वर जात नाही, आपण दोघं खालीच बसू, गंगोत्री पाहून येऊ. मामा कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला.

"तीस वर्सं मी पुढं अन् तू मागं राह्यली. आता तू जाय. मी थांबतो."

नारायण उगाच आरसा पुसायला लागला. माझं म्हणाल तर मी रडले, त्यात लपवायचं काय? आणि तिथंच ठरवलं, मावशीसोबत वर मी जाईन. माझ्या फेऱ्या किती झाल्या होत्या ते विचारू नका.

* * *

निघायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा सगळं अडलं. मामा रिटायर झाले होते, पण त्यांच्या जागी नवीन माणूस यायचा होता. सवयीनं मामाच रोज पट्टी वाचत होते. आता पंधरा दिवस कोण वाचणार? मामा म्हणाले, मग राहू द्या, पावसाळ्यानंतर पाहू. मावशी स्वेटर घडी घालून परत ठेवायला लागली. ते पाहून राठोड साहेब म्हणाले, "मी वाचतो."

रोज सकाळी मोटारसायकलवर सोळा किलोमीटर! मामा, मावशी, नारायण आणि मी अकोल्याहून पुढच्या गाडीत बसलो. पहिली सकाळ झाली, आठ वाजले. मामांच्या हातातला चहा हातातच. सव्वाआठला साहेबांचा फोन आला. आवाज एकदम बारीक.

"मामा, हवेनं पाणी वरखाली होऊन राह्यलं. लाट वर असली तवा वाचायचं का खाली असली तवा?"

वीस वर्षांपासून साहेब त्या आकड्यांवर सही करत होते. मामा हसले नाहीत. समजावून सांगावं तसं म्हणाले, "साहेब, खाली बसा. दम धरा. लाट थांबते."

मग मामांनी चहा प्यायला. मावशी त्यांच्या बाजूला बसून खिडकीबाहेर पाहत होती. आठ वाजून गेलेले, आणि दोघंही एका बाकावर. असं पहिल्यांदा झालं होतं.

* * *

वर मी आणि मावशी, सोबत तिकडचा एक वाटाड्या. मामा आणि नारायण गंगोत्रीच्या लॉजवर. पहिला मुक्काम भोजवासाला केला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. वाटेत एका दगडावर रंगानं साल लिहिलेलं दिसलं. वाटाड्या म्हणाला, त्या साली बर्फ इथपर्यंत होता. आम्ही पुढे चालत राहिलो. बऱ्याच वेळानं दुसरा दगड आला, त्याच्यावर पुढचं साल. मी धापा टाकत होते. मावशी दगड पाहत पाहत चालली होती.

म्हणाली, "म्हंजे ह्याले बी पट्टी लावेल हाय."

गोमुखाचा बर्फ पांढराशुभ्र असेल असं मला वाटलं होतं. तो मातकट, काळपट निघाला. खालून पाणी इतक्या जोरात येत होतं की एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. मावशी हात जोडेल असं मला वाटलं. तिनं माझं मनगट धरून घड्याळ पाहिलं. आठला पाच कमी होते. ती पाच मिनिटं थांबली, मग नीट खाली बसली आणि पाहू लागली.

पुन्हा भोजवासाला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गंगोत्रीला उतरलो. पायवाट संपते तिथंच मामा माकडटोपी घालून पायरीवर बसले होते. नारायण म्हणाला, सकाळपासून इथंच आहेत, जेवायलाही उठले नाहीत. मावशी त्यांच्या बाजूला टेकली.

मामांनी विचारलं, "किती?"

"आठले पाह्यलं," मावशी म्हणाली. "पान्याले जोर लय हाय. पन बरफ मांगं सरकून राह्यला."

मामांनी पिशवीतून नातीची ती वही काढली आणि तसंच लिहून घेतलं. मग वहीचं पहिलं पान उघडून ती मावशीच्या मांडीवर ठेवली आणि पेन पुढे केला. मी वाकून पाहिलं. पानंच्या पानं भरलेली. टायफाइडचे अठरा दिवस. पोरीच्या लग्नाचा दिवस. मयतीला गेले ते दिवस. तारीख, वेळ, आकडा, सगळं मामांच्या अक्षरात. शेवटचा रकाना "वाचन घेणाऱ्याची सही", तो मात्र वरपासून खालपर्यंत कोरा.

"तुह्या सह्या राह्यल्या," मामा म्हणाले.

मावशी चौथी शिकलेली. एकेक अक्षर जपून लावत सही करू लागली. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ. पान संपत आलं आणि एका आकड्यापाशी तिचा हात थांबला. तिनं बोट ठेवून तो नीट वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्यावर आडवी रेघ मारली.

"हे चौतीस होतं," मावशी म्हणाली. "म्या पाह्यलं ना."