त्या हाताला नको

बहात्तरच्या दुष्काळात मी खर्ड्याच्या बाजूला एका छोट्या दवाखान्यात रक्त तपासायचे. वय तेवीस, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही असा स्वभाव. दवाखान्याची मागची खोली माझी. तिथल्या रॉकेलच्या फ्रीजमध्ये टायफॉईडच्या मेलेल्या जंतूंच्या दोन बाटल्या असत, आणि त्यांना मी कुणाला हात लावू देत नसे.

रोग्याच्या रक्तावरचं पाणी काढून नळ्यांमध्ये घ्यायचं आणि त्यात हे मेलेले जंतू सोडायचे. त्या रक्ताची जंतूंशी आधी गाठ पडली असेल, तर ते त्यांना बाहेरच्या कवचावरून किंवा शेपटीवरून ओळखतं, धरतं, आणि नळीच्या तळाशी गुठळ्या दिसतात. एक बाटली जंतूच्या अंगावरच्या कवचासाठी, दुसरी त्याच्या शेपटीसाठी. मला शिकवणाऱ्या सरांनी बजावलं होतं, "नुसत्या शेपटीच्या नळ्यांत गुठळ्या दिसल्या, तर आधी विचारायचं, टायफॉईडची सुई घेतली होती का? सुईतही हेच मेलेले जंतू असतात. रक्ताला तो फरक कळत नाही. तो तू करायचा."

ती खडी फोडायच्या कामावरची होती. माझ्याच वयाची असेल. दहा दिवस ताप, डोकं ठणकतंय म्हणून नवऱ्याने आणली होती. मी डावा हात धरला तेव्हा म्हणाली, "त्या हाताला नगं, बाई. कामावर सुई टोचली तवाधरनं दंडात गाठ हाय."

मी हात बदलला. उजव्यातून रक्त घेतलं.

दुसऱ्या दिवशी शेपटीच्या नळ्यांत कापसासारख्या गुठळ्या, अगदी शेवटच्या नळीपर्यंत. कवचाच्या नळ्या जवळजवळ कोऱ्या. बाहेर पंचवीस माणसं बसलेली, आणि डॉक्टरांना एका शब्दात उत्तर हवं असायचं. मी लिहिलं, टायफॉईड. इतक्या स्पष्ट गुठळ्या बघून मला आनंदच झाला होता, हेही सांगायला हवं.

टायफॉईड, म्हणजे मुदतीचा ताप, म्हटल्यावर भाकरी बंद. आतडं फाटतं, असं डॉक्टरही सांगत आणि आयाबायाही. तिला कॅप्सूल आणि पेज सुरू झाली. तिथून बाराव्या दिवशी तिची मान ताठ झाली, भान हरपलं. नगरला नेल्यावर पाठीतलं पाणी काढून तपासलं, तर क्षय मेंदूच्या आवरणात शिरलेला. तिथे चौथ्या दिवशी ती गेली.

नगरहून आलेली चिठ्ठी डॉक्टरांनी माझ्यासमोरच वाचली. टायफॉईड नव्हताच. मी खोलीत येऊन बसले, आणि "त्या हाताला नगं" हे तिचे शब्द जसेच्या तसे कानात आले. जे मी विचारायचं होतं ते तिने न विचारता सांगितलं होतं; कामावर टोचली ती टायफॉईडचीच सुई, आणि गुठळ्या त्या सुईच्या. ते बारा दिवस हाताशी असते तर ती जगली असती का, मला माहीत नाही. पण ते मी घालवले.

पंधराएक दिवसांनी तिचा नवरा उरलेल्या कॅप्सूल परत द्यायला आला. "कुनाच्या तरी कामी येत्याल," म्हणाला आणि पायरीवरच बसला. मग म्हणाला, "बाई, कुनाला बोललो न्हाई. पेजंच्या नवव्या दिवशी तिनं लई हट्ट केला. मी चोरून अर्धी भाकर दिली, दुधात कुस्करून. त्यानंच गेली का वं?"

"नाही," मी म्हणाले. "भाकरीने नाही. तिला तो ताप नव्हताच."

"कागदावर तर हुतं."

मी चुकले, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "कागद चुकला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याची समजूत काढतेय असंच त्याला वाटलं असणार. "कागद कसा चुकंल, बाई?" तो म्हणाला. "तुमी सोता लिवल्याला."

त्याने हात जोडले आणि तो गेला. ती अर्धी भाकरी तो जन्मभर स्वतःच्या माथी घेऊन हिंडला असेल, आणि मी त्याला मागून हाकसुद्धा मारली नाही.