मगदूम मॅडमचे हात

फोन आला तेव्हा मी आमच्या महाविद्यालयाच्या निसर्ग संग्रहालयात होते. बरण्यांमधलं जुनं द्रावण बदलायचं काम चाललं होतं, दुसऱ्या वर्षाची मुलं नाक दाबून भोवती उभी होती. हातकणंगल्याहून मगदूम मॅडमचे धाकटे भाऊ बोलत होते. "सुमनताई, अक्का गेली... पहाटं, झोपेतच." पुढचं त्यांना बोलवेना. मी मुलांना झाकणं लावायला सांगितली आणि जवळच्या स्टुलावर बसले. त्याला आता महिना उलटून गेला.

मॅडम आधी माझ्या शिक्षिका, मग त्याच प्राणिशास्त्र विभागात सहकारी. संग्रहालय त्यांच्याकडे होतं. मी कोडोलीची. आमच्या आळीतल्या पडक्या गोदामात घुबडाची जोडी राहायची. एका वर्षी पाठोपाठ दोन माणसं गेली, तेव्हा गोदाम जाळून त्या जोडीला हुसकायचं ठरलं. मी हे वर्गात सहज बोलले, तर मॅडमनी तोच आमचा प्रकल्प केला. न पचलेली हाडं आणि केस घुबड गोळी करून ओकून टाकतं. त्या गोळ्या वेचून मॅडमनी पारावर वर्तमानपत्र पसरलं आणि सगळ्यात जास्त चिडलेल्या माझ्या चुलत आजोबांच्याच हातात चिमटा दिला. आजोबा एकेक गोळी फोडत गेले. जबडे, पिवळे दात, बारीक फासळ्या... "समदं उंदीरच हाईत की गं," ते म्हणाले. मॅडमनी पुढची गोळी त्यांच्यापुढं सरकवली. घुबडं राहिली, आणि मी प्राणिशास्त्रातच राहिले.

पुढं काचबिंदूनं मॅडमची नजर हळूहळू गेली. आधी कडेचं दिसेना, दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. मग चिठ्ठ्यांवरची नावं वाचता येईनात. ऑपरेशन झालं, पण गेलेलं परत आलं नाही. निवृत्तीला अजून काही वर्षं होती. संग्रहालय दुसऱ्या कुणाकडे द्यावं असा विषय निघाला, तशा त्या बैठकीतून उठून गेल्या. मी मागोमाग गेले. कपाट उघडून त्या एकेक कवटी हातात घेऊन चाचपत होत्या. "मुंगूस... हे रानमांजर. सुमन, बघ बरं, बरोबर हाय का?" बरोबर होतं. मग तिथंच बसून त्या रडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

त्यानंतर त्यांनी अंध मुलांच्या शाळेला बोलवायचं मनावर घेतलं. कपाटं उघडायची म्हटल्यावर विभागात वाद झाला. वस्तू फुटतील, पुन्हा मिळायच्या नाहीत. काचेबाहेरून त्या मुलांना काय मिळणार, एवढंच मॅडमनी विचारलं. शेवटी सगळेच कामाला लागलो. विद्यार्थ्यांनी नाजूक हाडांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती केल्या, ब्रेल शिकून चिठ्ठ्या टोचल्या. बोटांना काय लवकर ओळखू येतं, यावर दोघी विद्यार्थिनींनी प्रकल्प लिहिला. पहिल्याच भेटीत एक लहान मुलगी घोरपडीच्या सांगाड्यावरून हात फिरवत होती. मॅडम शेजारी बसून तिची बोटं पुढं नेत होत्या. मधेच तिनं त्यांचा हात धरून ठेवला. "तुमालाबी दिसत न्हाय व्हय?"

मॅडमनी ही गोष्ट चारचौघांत कधी उच्चारली नव्हती.

"न्हाय गं बाळ," त्या म्हणाल्या. "तूच सांग मला, कशी हाय ती?"

आणि ती सांगत गेली... शेपूट कुठवर जाते, नखं किती वाकडी आहेत. मॅडम मान डोलवत ऐकत राहिल्या.

निवृत्तीनंतरही त्या शाळेच्या प्रत्येक भेटीला भाऊ त्यांना आणून सोडायचे. शेवटच्या वेळी जिना चढताना त्या थांबत थांबत आल्या. जाताना म्हणाल्या, आता पोरंच सगळं बघतील, मला नुसतं बोलवत जा. गेल्या आठवड्यात पुन्हा शाळेची मुलं आली. ती बराच वेळ कान देऊन उभी होती, मॅडमचा आवाज येईल म्हणून. मलाच सांगावं लागलं.

संग्रहालयात शिरताच डाव्या हाताला वन खात्यानं दिलेली गव्याची कवटी आहे. नजर गेल्यापासून मॅडम आत आल्या की आधी तिच्या शिंगाला हात लावायच्या आणि तिथून अंदाज घेत पुढं जायच्या. शिंग तेवढ्याच जागी काळंभोर, गुळगुळीत झालंय. मला चांगलं दिसतं. तरी सकाळी कुलूप काढून आत गेले की हात तिथं जातो... आणि त्याशिवाय पाऊल पुढं पडत नाही.